स्कूटरच्या मागच्या सीटवरचं भाषण

लोकांना बोलायला शिकवणं हा माझा आयुष्यभराचा उद्योग. शाळेत मराठी शिकवता शिकवता वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करणं कधीतरी माझ्या गळ्यात पडलं, आणि निवृत्त होऊन पेठेतलं बिऱ्हाड वारज्याला हलवलं तेव्हा तेही सामानाबरोबर आलं. सोसायटीला माझा शोध लागायला आठवडासुद्धा लागला नाही. गणपती असो, सव्वीस जानेवारी असो, निवेदनाला बाई. माईक एकदा कोणाच्या हातात गेला की परत मिळत नाही हा आपल्याकडचा जुना आजार आहे. माझ्या हातात असला तर तो वेळेत परत मिळतो, एवढीच माझी ख्याती.

आमची इमारत उभी आहे ती जमीन आबांची. आबा म्हणजे मागच्या बंगल्यातले वडीलधारे. आमचं पार्किंग आहे तिथे पूर्वी त्यांचा कांदा व्हायचा. जमीन गेली, बंगला आला, मुलगा बांधकामाच्या धंद्यात पडला आणि फाटकात एक भलीमोठी गाडी येऊन उभी राहिली. आबांनी मात्र आपली जुनी स्कूटर आणि दोन म्हशी सोडल्या नाहीत. सकाळी ते आमच्याकडे दूध घालायचे आणि मी विचारलं तेवढंच बोलायचे. मला बोलकी माणसं पुष्कळ भेटली आहेत, त्यामुळे आबा मला फार आवडायचे.

एका संध्याकाळी ते नातीला घेऊन आले. ती नववीत होती. आबांच्या खांद्याआड उभी राहून ती माझ्या दारावरची पाटी वाचत होती. ती वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"बाई, हिला जरा बोलतं करा," आबा म्हणाले. "माझ्याशी लई बोलती. शाळंत त्वांड उघडत नाय. तोंडी परीक्षेला नुसती हुबी राहिली म्हनं."

मी म्हटलं, वय वाढेल तशी बोलेल. तिच्या वडलांचंही हेच मत होतं, शिवाय पोरीनं फार बोलून करायचंय काय, असाही त्यांचा एक पोटप्रश्न होता. आबांनी चपला अर्धवट घातल्या आणि थांबले. "माझं काय, आज हाय, उद्या नाय. मग ही कुनाशी बोलंल?"

हे त्यांनी अगदी सहज विचारलं. मी तिला उद्यापासून यायला सांगितलं.

माझ्याकडे शिकवण्याच्या ज्या काही रीती होत्या त्या सगळ्या तिच्यावर वापरून झाल्या. आरशासमोर उभं केलं. हॉलच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीत मी, असंही करून पाहिलं. छोटा उतारा पाठ करून घेतला. तिला सगळं पाठ असायचं, अक्षर न् अक्षर. पण मी समोर बसून तिच्याकडे पाहिलं की ती माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहायची आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे.

"सगळं ब्लँक होतं, बाई," ती म्हणायची. तेही पंख्यालाच.

मी तिला सांगत राहिले, समोर बघ, माणसांच्या डोळ्यात बघ, समोर कोणी नाहीच असं समज. या सूचनांचा एकमेकींशी मेळ नाही हे मला तेव्हा जाणवायला हरकत नव्हती. पण बरीच वर्षं तेच बोललं की माणूस स्वतःचं ऐकत नाही.

एक दिवस दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून आबांची स्कूटर गेली. मागे ही, शाळेच्या गणवेशात, तोंडाला आपल्या पुण्याच्या रिवाजानं गच्च स्कार्फ, फक्त डोळे उघडे. आणि ती बोलत होती. तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू येत होतं. कुठल्याशा बाईंनी कोणाला काय म्हटलं, मग त्या मुलीनं काय केलं, मग सगळा वर्ग कसा हसला, सगळं अगदी आवाज बदलून बदलून. मी हातात ओली साडी घेऊन तशीच उभी राहिले. हॉलमध्ये जिच्या तोंडून एक वाक्य काढताना मला घाम फुटायचा तीच ही मुलगी.

गंमत म्हणजे स्कूटर बंगल्याच्या फाटकावरून सरळ पुढे गेली. थोड्या वेळानं परत आली. हे मी आधीही दोनतीनदा पाहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, आबांचं वय झालं. एकदा तर दूध घालायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालेही होते, "आबा, काल घर मागं राहिलं की."

"ऱ्हाऊ द्या की," आबा म्हणाले. "घर कुठं पळतंय."

दुसऱ्या दिवशी ती शिकायला आली तेव्हा मी पायात चपला घालूनच बसले होते. म्हटलं, मला स्वारगेटला जायचंय, चल माझ्याबरोबर. माझी स्वतःची स्कूटर आहे आणि ती मी बरी चालवते. हेल्मेट घातलं होतं का, हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो. ती मागे बसली, स्कार्फ बांधला. सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत ती गप्प होती. मग मी उतारा म्हणायला सांगितला.

तिनं तो म्हटला. पण माझा डावा कान गेली काही वर्षं फक्त शोभेला आहे, उजव्यात वारा भरलेला, शेजारून बस चाललेली. मी ओरडले, "काय? ऐकू नाही आलं."

तिनं परत म्हटला. मोठ्यानं.

"काय? शेवटचं कळलं नाही."

शेवटचे शब्द गिळायची तिला सवय होती. तिसऱ्यांदा तिनं ते गिळले नाहीत. स्वारगेटच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं आणि तरीही ती थांबली नाही, कारण स्कार्फमुळे तो तिला पाहू शकत नव्हता आणि मी तर पाठमोरीच होते. मला त्या सिग्नलला फार आनंद झाला. माझं स्वारगेटला काही काम नव्हतं, म्हणून आम्ही तिथे उसाचा रस प्यायलो आणि परत आलो.

त्यानंतर आमचा वर्ग स्कूटरवरच भरू लागला. उतारा मी लवकरच सोडून दिला. काय पाहिलंस ते सांग, एवढंच म्हणायचे. ती मग सांगायची. तिला गोष्ट सांगता येत होती, कुठे थांबायचं हेही तिला आपोआप कळायचं, जे मी स्पर्धेच्या मुलांना खुणा करून करून शिकवत असे. मी फक्त "काय? ऐकू नाही आलं" एवढंच म्हणायचे आणि तिचा आवाज सुटत जायचा. हॉलमध्ये मात्र अजूनही पंखाच. शाळेत पुढच्या तोंडी परीक्षेला तिनं दोन वाक्यं म्हटली आणि तिसऱ्याला थांबली. आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या दिवशी मापावर चांगलंच दूध घातलं.

मग आबा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. म्हशी ओरडत राहिल्या म्हणून घरच्यांना कळलं.

मी भेटायला गेले तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. तिनं माझा हात धरला. तिची आई हळूच म्हणाली, त्या दिवसापासून अशीच आहे, पाणी मागायलासुद्धा बोलत नाही. घरी येताना आबांचा तो प्रश्न माझ्याबरोबर जिना चढून आला. आता ही कोणाशी बोलणार?

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिचे वडील माझ्याकडे आले. या भागात दहावा म्हणजे केवढा सोहळा असतो ते पेठेत राहून मला ठाऊक नव्हतं. नदीकाठी घाटावर मांडव, सतरंज्या, चौकाचौकात आबांच्या फोटोचे फ्लेक्स. आधी महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजली. श्रद्धांजलीला आजी, माजी आणि होऊ घातलेले सगळे पुढारी येतात, एकेका सकाळी तीनतीन घाट करतात, आणि माईकशिवाय कोणी परत जात नाही. त्यांची नावं योग्य क्रमानं घेणारा निवेदक तिथे लागतो. तो नेहमीचा ठरलेला असतो, आणि पुरुष असतो.

"आबांनी सांगून ठेवलं होतं," वडील जरा संकोचून म्हणाले. "म्हनले, माझ्या दहाव्याला माईक बाईंकडं द्या. बाकीचे लांबन लावत्यात."

आबांचं हे शेवटचं वाक्य मला फार आबांसारखं वाटलं. मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती आली. दारात उभी राहिली, पाटी वाचली नाही. "बाई, मला उद्या बोलायचंय," ती म्हणाली.

शाळेच्या वर्गात जिची तिसऱ्या वाक्याला मान लाल होते, तिनं सगळ्या गावासमोर, भावकीसमोर, पुढाऱ्यांसमोर उभं राहायचं. जमलं नाही तर? आबांच्या दहाव्याला ही उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटला नाही, हे ती जन्मभर विसरली नसती आणि गावही विसरलं नसतं. मी तिला हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही माझ्या पुढं उभ्या राहाल का?" तिनं विचारलं. "पाठमोऱ्या. स्कूटरवर असता तशा."

सगळं आयुष्य मी मुलांना सांगत आले की श्रोत्यांसमोर या, लपू नका, टेबलाआड उभे राहू नका. ती पंख्याकडे पाहत होती. मी म्हटलं, राहीन.

वडलांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरीचं कशाला, बाई? एवढी मोठी मानसं येनार. वेळ उरला तर बघू." वेळ उरत नसतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मांडव भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मागे उभे राहिलेले वेगळेच. पिंडाला कावळा शिवून गेला होता, प्रवचन झालं होतं, ऊन चढायला लागलं होतं. श्रद्धांजली सुरू झाली आणि माझ्या हातात चिठ्ठ्या येऊ लागल्या. यांचं नाव घ्या, त्यांना दोन मिनिटं द्या, हे लांबून आलेत. दोन मिनिटं म्हणजे किती हे जो तो आपापल्या पदानुसार ठरवत होता. प्रत्येकानं आबा कष्टाळू होते असं सांगितलं, प्रत्येकाला पोकळी जाणवत होती आणि प्रत्येक पोकळी भरून न निघणारीच होती. मी आबांच्या फोटोकडे पाहत होते. फोटोतही त्यांना जरा कंटाळा आल्यासारखं दिसत होतं.

एक पांढरे शुभ्र पुढारी घाईघाईनं आले. ते कात्रजहून दुसरा दहावा आटपून आले होते हे त्यांच्या गाडीवाल्यानंच मला सांगितलं. त्यांनी माईक घेतला आणि आबा तरुणपणी कुस्तीचा आखाडा कसा गाजवायचे ते सांगितलं, आणि त्यांच्या तिन्ही मुलांना हे दुःख सहन करण्याची ताकद मिळो, अशी प्रार्थना केली. आबांना मुलगा एकच. तो समोर मुंडन केलेल्या डोक्यानं बसला होता आणि मान हलवत होता. मांडवात कोणी काही बोललं नाही. अशा वेळी बोलायची पद्धत नाही. सगळ्यांना कळलं होतं की हे दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याचं भाषण आहे, पण भाषण झालं हे महत्त्वाचं.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. ती उभी राहिली होती.

हातातल्या उरलेल्या चिठ्ठ्या मी पर्समध्ये टाकल्या. "अजून बरेच मान्यवर बोलू इच्छितात," मी म्हटलं. "त्यांच्या भावना आबांपर्यंत पोचल्या आहेत असं समजू या. आता आबांची नात बोलेल." पहिल्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरला. वडलांनी झटकन वर पाहिलं. मी तिकडे पाहिलं नाही.

ती आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी माईक खांद्याजवळ, तिच्या तोंडापाशी धरला. समोर मांडवभर माणसं आणि त्यांच्यासमोर मी, माईक धरलेली आणि काही न बोलणारी. असा मूर्खपणा मी जन्मात केला नव्हता. माझ्या पाठीला तिचा श्वास लागत होता. शब्द काही येईना. ते पांढरे पुढारी निघायला उठले. मागे दोन बाया कुजबुजल्या. मला वाटलं, गेलं. आता हिला इथून हात धरून न्यावं लागणार.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काय? ऐकू नाही आलं."

ती काही बोललीच नव्हती. मी ठरवून म्हटलं असं मला म्हणता येणार नाही. ते सवयीनं आलं.

"आबांना एकच मुलगा," मागून आवाज आला. मोठ्यानं, शेवटचा शब्द न गिळता. "माझे पप्पा."

निघालेले पुढारी आहे तिथे थांबले.

"आबा कुस्ती खेळायचे नाहीत. त्यांना कुस्ती बघायलापण आवडायची नाही. ते जास्त बोलायचेपण नाहीत. मीपण नाही बोलत." ती थांबली. मी वळून पाहिलं नाही. "शाळेतून येताना मी आबांच्या मागे बसायचे. तेव्हा मी बोलायचे. घर आलं आणि माझं बोलणं राहिलं असलं तर आबा फाटकात वळायचेच नाहीत. पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. परत आलो तरी संपलं नसलं तर परत जायचे. एकदा आम्ही कात्रजपर्यंत गेलो. घरी आलो तर अंधार पडला होता. आई ओरडली, कुठं होतात? आबा म्हणाले, रस्ता चुकलो."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

"आबा सगळा जन्म वारज्यात होते. ते रस्ता नाही चुकायचे." पुन्हा थांबली. "आता मी शाळेतून सरळ घरी येते. एवढंच."

आवाज थेट मांडवाच्या टोकापर्यंत गेला होता. आणि तो माझ्या मागून येत नव्हता हे शेवटी माझ्या लक्षात आलं. ती कधीतरी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, माईक तिच्याच हातात होता आणि मी रिकामा हात खांद्याजवळ धरून उभी होते. तिची मान लाल झाली होती. डोळे आबांच्या फोटोवर होते.

दहाव्याला टाळ्या नसतात. आयुष्यभर मी मुलांना टाळ्यांवर वाढवलं, पण त्या सकाळी त्या नव्हत्या हे फार बरं झालं. तिला बोलायचं ते ती बोलली, मला माईक दिला आणि आईशेजारी जाऊन बसली. पुढचं निवेदन माझ्या तोंडून नीट निघालं नाही. मी रडत होते आणि ते सगळ्या मांडवाला दिसत होतं, कारण समोर तोंड करून मीच उभी होते. तिचे वडील मान खाली घालून सतरंजीकडे पाहत होते. लोक उठले, भेटून गेले, तरी ते तसेच बसले होते.

यानंतर ती मोठी वक्ती झाली असं काही नाही. स्पर्धेत नाव दे म्हटलं तर अजूनही पंखा. शिकायला येते, चार वाक्यं माझ्याकडे पाहून बोलते, पाचव्याला नजर वर जाते. मी काही म्हणत नाही. वर्षानुवर्षं इतरांना दिलेल्या सूचनांपैकी निम्म्या मी आता देतच नाही.

आबांची स्कूटर त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तिला शाळेतून आणायला ती भलीमोठी गाडी जाऊ लागली. काळ्या काचा वर, आत एसी. ती मागे बसलेली असायची, वडील पुढे फोनवर बोलत असायचे. गाडी फाटकात वळायची, फाटक बंद व्हायचं. हे मला गॅलरीतून रोज दिसायचं आणि रोज वाईट वाटायचं.

परवा दुपारी मी तिथेच कपडे वाळत घालत होते. खालून फटफट आवाज आला म्हणून पाहिलं. आबांची स्कूटर. पुढे तिचे वडील, एवढा आडवा माणूस, गुडघे दोन्हीकडे बाहेर आलेले, डोक्यावर नुकतेच उगवलेले केस, आणि बरीच वर्षं दुचाकी चालवली नसल्यामुळे हँडल घट्ट धरून बसलेले. मागे ही, तोंडाला स्कार्फ. ती बोलत होती. काय ते मला वर कळलं नाही, पण हात हलत होता आणि ते मान किंचित मागे करून ऐकत होते. फाटक आलं. स्कूटर हळू झाली, इंडिकेटर लागला. मग इंडिकेटर बंद झाला आणि स्कूटर सरळ पुलाच्या दिशेनं निघून गेली.